याना नोव्होत्नाचं रडणं

१९९३ च्या विम्बल्डनमधला तो फोटो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अंतिम सामना हरलेली याना नोव्होत्ना डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते आहे. बिचारी जन्मभर त्या फोटोतच अडकली.

समोर स्टेफी ग्राफ होती. तिसऱ्या सेटमध्ये याना ४-१ ने पुढे, सर्व्हिस तिचीच, गुण ४०-३०. आणखी एक गुण मिळाला की ५-१. तिथेच डबल फॉल्ट! त्यानंतर एकही गेम तिला मिळाला नाही. सेट ६-४ ने गेला. दुसऱ्या दिवसापासून तिला नाव पडलं ते 'चोकर', म्हणजे ऐनवेळी कच खाणारी.

मला हे कधीच पटलं नाही. आयुष्य शाळेत गेलं माझं. एखाद्या पोराला 'गणितात कच्चा' म्हटलं की पुढे त्याने कितीही बरोबर उत्तरं दिली तरी कोणी मोजत नाही. यानाचंही तेच. त्याच स्पर्धेत तिने उपान्त्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाला, तेही विम्बल्डनच्या हिरवळीवर, हरवलं होतं, हे किती जणांच्या लक्षात आहे? दुहेरीत तिने १२ ग्रँड स्लॅम जिंकली, शिवाय मिश्र दुहेरीची ४. सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावायचं, हा तिचा खेळ. यात लपायला जागा नसते हो! भित्र्या माणसाने बेसलाइनवर उभं राहून चेंडू परतवत बसावं.

१९९७ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत गेली. पहिला सेट जिंकला आणि सामना सोळा वर्षांच्या मार्टिना हिंगिसकडे गेला. १९९८ मध्ये मात्र याच हिंगिसला उपान्त्य फेरीत आणि नाताली तोझियाला अंतिम फेरीत हरवून ती विजेती झाली, वयाच्या २९व्या वर्षी. चषक डचेसच्याच हातून मिळाला. पुढच्याच वर्षी निवृत्ती.

मला त्यानंतरची याना अधिक आवडते. २०१४ साली बार्बोरा क्रेचिकोवा नावाची अठरा वर्षांची मुलगी आईबरोबर तिच्या दारात येऊन उभी राहिली. ओळख ना पाळख. पुढे काय करू, सांगाल का, एवढंच विचारायला. यानाने तिला शिकवायला घेतलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्करोगाने याना गेली, अवघी ४९ वर्षांची. शेवटच्या दिवसांत तिने बार्बोराला सांगितलं होतं, खेळाचा आनंद घे आणि ग्रँड स्लॅम जिंकायचा प्रयत्न कर.

बार्बोराने २०२१ मध्ये फ्रेंच ओपन जिंकलं, आणि २०२४ मध्ये विम्बल्डन! सामन्यानंतर तिला विजेत्यांच्या नावांचा फलक दाखवायला नेलं. त्यावर थोडं वर '१९९८' समोर बाईंचं नाव होतं आणि आता खाली तिचंही. ते बघितलं आणि पोरगी तिथेच रडायला लागली.