आज पिचर कोण आहे?

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, बाहेर न्यू जर्सीचा पाऊस. कपडे धुवायला टाकलेत, ते होईपर्यंत चार ओळी खरडतो.

तर झालं असं. ऑफिसात माझ्या शेजारी साठीच्या घरातला एक टेस्टर बसतो. मी त्याला मनातल्या मनात 'काका' म्हणतो. काका लहानपणापासून मेट्सचा भक्त, म्हणजे दुःख सोसायची चांगली सवय असलेला माणूस! मागच्या उन्हाळ्यात आमची पैज लागली. रोज सकाळी त्या दिवशीची एक मॅच निवडायची, दोघांनी विजेता सांगायचा, आणि महिनाअखेरीस जो मागे पडेल त्याने जेवण द्यायचं.

मी पडलो इंजिनियर. म्हटलं, यात काय, स्क्रिप्ट लिहू. बेसबॉलमध्ये कुठल्या टीमकडून कोण पिचर सुरुवात करणार हे बहुतेक वेळा आधीच जाहीर झालेलं असतं. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त ओव्हर संपली म्हणून बदलत नाही. दमेपर्यंत किंवा मॅनेजर हाकलेपर्यंत तोच टाकतो, आणि एकदा बाहेर गेला की त्या मॅचमध्ये परत टाकायला येत नाही. असे साधारण पाच जण आळीपाळीने सुरुवात करतात. म्हणजे तीच टीम आज वाघ आणि उद्या मांजर असू शकते. माझ्या स्क्रिप्टने दोन्ही पिचरच्या नावावरचे विजय-पराभव काढले, ज्याचे आकडे चांगले त्याची टीम जिंकणार असं ठरवलं. संपलं काम.

महिनाअखेरीस २५ मॅचपैकी माझे अंदाज १२ बरोबर, काकाचे १५. नाणं उडवलं असतं तरी माझ्याइतकं जमलं असतं. निमूटपणे काकाला एडिसनला नेऊन थाळी खाऊ घातली.

तिसऱ्या पुरीवर काकाने विचारलं, "२०१८ चा डग्रॉम माहितीय?" नव्हता माहीत. घरी येऊन बघितलं आणि थक्क झालो. जेकब डग्रॉम, मेट्सचा पिचर. त्या वर्षी त्याने नऊ इनिंगमागे सरासरी फक्त १.७० रन दिले (फील्डरच्या चुकांचे रन यात धरत नाहीत). इतक्या कमी आकड्याने लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड त्यालाच मिळालं. आणि नावावर विजय किती? १०. पराभव ९! कारण सोपं आहे. तो रन देत नव्हता, पण त्याची टीम रन काढतही नव्हती. माझ्या स्क्रिप्टने या माणसाला 'साधारण' म्हणून बाजूला ठेवलं असतं.

मग स्क्रिप्ट बदलली. विजय-पराभव काढून टाकले, सरासरी रन घातले, बॅटर किती बाद केले आणि किती फुकट सोडले तेही घातलं. अंदाज जरा सुधारले, पण जरासेच. काका म्हणाला, "आता २०२० च्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच बघ."

बघितली. टॅम्पा बे विरुद्ध डॉजर्स. टॅम्पाकडून ब्लेक स्नेल, २०१८ चा अमेरिकन लीगचा साय यंग विजेता. डॉजर्सकडून टोनी गोन्सोलिन. स्नेलने सहाव्या इनिंगपर्यंत नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं, हिट दिल्या फक्त दोन. गोन्सोलिनने एक रन देऊन पाच आउट काढले आणि दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर. नुसते सुरुवातीचे पिचर बघायचे तर मॅच टॅम्पाची. पण सहाव्या इनिंगमध्ये १-० आघाडीवर असताना, फक्त ७३ चेंडूंनंतर, मॅनेजरने स्नेलला काढलं. त्याच इनिंगमध्ये डॉजर्सनी दोन रन केले. त्यांनी एकूण सात पिचर वापरले, गोन्सोलिननंतरच्या सहा जणांनी एकही रन दिला नाही. ३-१, वर्ल्ड सिरीज डॉजर्सची.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पिचरची तुलना खोटी नाही. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाच्या टीमने अख्ख्या सीझनमध्ये ५९ मॅच जिंकल्या, त्यातल्या २७ एकट्या स्टीव्ह कार्ल्टनच्या नावावर आहेत. पण ही तुलना एकाच प्रश्नाचं उत्तर देते: पहिल्या पाच-सहा इनिंगमध्ये समोरच्यांना किती रन मिळतील? उरलेल्या तीन-चार इनिंग दुसरेच कोणी टाकतात, आणि रन काढणारे तर वेगळेच. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच बॅटिंग करतो, त्यामुळे तिथे त्याचा हातही नाही. तरी 'विजय' आणि 'पराभव' लिहायचा मात्र एकाच्या नावावर.

हे इतकं लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात मला पुण्याच्या टीममधल्या एका मुलीबद्दल फीडबॅक लिहायचा होता. तिच्या पगारवाढीत तो धरला जाणार. तिच्या नावावर सर्वात जास्त बग, म्हणून मी 'सुधारणेची गरज' असं लिहून ठेवलं होतं. पाठवायच्या आधी उगाच जुनी तिकिटं उघडली. दोन वर्षं सगळ्यात जुनं, कोणी हात लावायला धजत नाही ते मॉड्यूल तिच्याच गळ्यात होतं. बरेचसे बग तर ती जॉइन व्हायच्या आधीचे! मी तिचे विजय-पराभव मोजत बसलो होतो. तेही इंजिनियर असून, आणि काकाला थाळी खाऊ घालून.

फीडबॅक पुसून पुन्हा लिहिला. त्याचा उपयोग होईल का, ते पुढच्या महिन्यात कळेल.

असो. वॉशिंग मशीन वाजतंय. आज संध्याकाळी मेट्सची मॅच आहे आणि काकाचा मेसेज येऊन पडलाय, "कोण जिंकणार?" सवयीने आधी पिचर कोण तेच बघितलं. पण उत्तर अजून दिलं नाहीये, त्याच्या मागे बुलपेनमध्ये कोण बसलंय ते बघतोय.