आयती खुर्ची

महिला राखीव जागांना माझा कित्येक वर्षं विरोध होता. बालाघाट जिल्ह्यात राहून तो नसता तरच नवल. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर मध्य प्रदेशात १९९४ साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या. एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, पुढे हा वाटा निम्म्यावर गेला. पण पाटीवर नाव बाईंचं आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा, हे आमच्याकडे कुणाला नवं नाही. आयत्या खुर्चीला किंमत नसते, असं मी ठासून सांगायचो आणि दाखला द्यायचो अनसूयाबाई काळे यांचा.

१९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच, त्यामुळे अनसूयाबाई आम्हाला परक्या नव्हेत. १९३७ साली त्या मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. आष्टी-चिमूर खटल्यात फाशी सुनावलेल्यांचे जीव वाचावेत म्हणून झटल्या. १९५२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर गेल्या. बाई असावी तर अशी, लढून आलेली!

त्यांच्याबद्दल नीट वाचलं, तेव्हा माझाच दाखला माझ्यावर उलटला. मध्य प्रांतात बायकांना मताचा हक्क मिळाला १९२७ साली, तोही मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या मोजक्या जणींना. पुढच्याच वर्षी अनसूयाबाई प्रांताच्या कायदे कौन्सिलात आल्या, त्या निवडून नव्हे. सरकारने त्यांना नेमलं होतं. म्हणजे माझ्या हिशेबाने खुर्ची आयतीच. पण नेमणाऱ्याचं मिंधेपण त्यांनी मानलं नाही. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी पद सोडलं आणि पुढे मतांवर निवडून आल्या.

यावर कुणी म्हणेल, त्या शिकलेल्या होत्या, नागपुरात होत्या, पाठीशी महिला चळवळ होती. बैहरच्या जंगलपट्ट्यातल्या सरपंचबाईंकडे यातलं काय आहे? खरं आहे. पण हा मुद्दा आरक्षणाविरुद्ध जात नाही. त्या बाईंना वेळ आणि आधार जास्त लागणार, एवढंच त्यातून निघतं. आणि वेळच आपण देत नाही. आरक्षण फिरतं असतं. ठराव, निधी, ग्रामसभा हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत पाच वर्षं सरतात आणि जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते.

म्हणून आता माझं भांडण आरक्षणाशी नाही, त्याच्या फिरण्याशी आहे. एका गावात सलग दोनदा तरी जागा बाईंकडे राहू द्या. सरपंचपतींचा हिशेब मग मांडू.