फाइल कोणाकडे आहे?

सामाईक वस्तू म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने जुन्या पुण्यातल्या वाड्याचा नळ आठवावा. बिऱ्हाडे बारा आणि नळ एक. पहाटे कोणीतरी आपली पितळी बादली नळाखाली लावी आणि तव्यावरची पोळी करपते म्हणून वर निघून जाई. बादली भरून वाहू लागे, पण ती हलवणार कोण? दुसऱ्याच्या बादलीला हात लावणे हा वाड्याच्या कायद्यात मोठा अपराध. मग चौकात उभे राहून हाक घालायची, "बादली कोणाची आहे हो?" बादलीवर नाव घातलेले असे. नाही असे नाही. पण ते कोणाच्या तरी कैलासवासी आजोबांचे असे, आणि आजोबांना खाली बोलावणे शक्य नसे.

वाडे पडले, इमारती उठल्या, घरोघर नळ आले. हा प्रश्न आता कायमचा मिटला असे आपल्याला वाटते. तो मिटत नाही. तो फक्त बिऱ्हाड बदलतो. आमच्याकडे तो कचेरीत राहायला आला.

आमची कचेरी नारायण पेठेत, एका अंधाऱ्या जिन्याच्या डोक्यावर आहे. लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेतल्या दुकानदारांचे हिशेब ठेवायचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरायची, हे आमचे काम. माणसे पाच, संगणक पाच, आणि कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर सहावा. या सहाव्याला आम्ही 'सर्व्हर' म्हणतो. तो बिचारा साधाच संगणक आहे, पण सगळ्यांच्या हिशेबाच्या वह्या त्याच्या पोटात, म्हणून त्याला मान. झाडू मारणाऱ्या बाई त्याला वळसा घालून झाडतात.

हा सर्व्हर अधूनमधून रुसतो. दुरुस्तीला बोलावलेला मुलगा येतो, यंत्र बंद करून चालू करतो, 'झालं काका' म्हणतो आणि जातो. आठ दिवसांनी तीच तक्रार. शेवटी साहेबांनी हे काम माझ्यावर सोपवले, कारण कचेरीत माझाच चष्मा सर्वांत जाड होता. मी संगणकाचा पंडित नव्हे. पण जमाखर्चात दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत मला जेवण जात नाही, आणि हा गुण इथेही चालेल असे मला वाटले.

पहिली तक्रार अशी की काही सकाळी सर्व्हर सापडतच नसे. 'नेटवर्क पाथ सापडला नाही,' एवढेच उत्तर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या दिवशी तांबडी फुली करू लागलो. दीड महिन्यात चार फुल्या झाल्या आणि चारही शुक्रवारच्या रांगेत! शुक्रवारी संगणकाला कसला उपास? उत्तर गुरुवारात होते. गुरुवार हा आमच्या शहरात पाणी बंद ठेवण्याचा लाडका वार; आमच्या गल्लीत विजेची दुरुस्तीही बहुधा त्याच मुहूर्तावर निघते. वीज गेली की भिंतीवरचा राउटर विझतो. हा राउटर म्हणजे घरमालक. प्रत्येक संगणकाला तो एक आकडा देतो, १९२ ने सुरू होणारा, आणि त्या आकड्यावरच टपाल पोहोचते. वीज परत आली की हा विसरभोळा घरमालक वहीच कोरी करतो आणि जो पहिल्यांदा दार वाजवील त्याला पहिली खोली देतो. काल सर्व्हर सात नंबरात होता. आज तिथे टायपिंगचे यंत्र राहायला आले. आणि दुरुस्तीच्या मुलाने आमच्या सर्वांच्या संगणकांवर सर्व्हरची वाट आखून ठेवली होती ती नावाने नव्हे, सात या आकड्याने.

पुण्याच्या माणसाला हे हसू येण्यासारखेच आहे. आम्ही घर नंबराने कधी शोधले? पत्र्या मारुतीच्या पुढे, खुन्या मुरलीधराच्या अलीकडे, भिकारदास मारुतीसमोर, असा आमचा पत्ता. घरांचे नंबर बदलतील, पण मारुती उठून दुसऱ्या बोळात जाणार नाही. यंत्रालाही तसा एक मारुती करून द्यावा लागतो. राउटरमध्ये तशी सोय असते: अमुक यंत्राला अमुकच आकडा, वीज जावो की येवो. मी सर्व्हरला सात दिला. हात लागलाच आहे तर पाचही संगणकांना कायमचे आकडे दिले आणि ते एका छोट्या वहीत लिहून ठेवले. त्या वहीला साहेब हसले. "संगणकाचीही वही?" म्हणाले.

शुक्रवार सुधारला. दुसरी तक्रार कागद टिपून सर्व्हरवर पाठवणाऱ्या झेरॉक्स यंत्राची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता म्हणून आम्ही त्या वर्षी पावसाळ्यातच नवा सर्व्हर आणला, आणि त्या दिवसापासून झेरॉक्स यंत्राने त्याच्याशी अबोला धरला. याचे कारण मोठे गमतीचे आहे. फाइली वाटून घेण्याची जी बोली ही यंत्रे बोलतात, ती १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएमचे बॅरी फायगेनबाउम यांनी घडवली. पुढे तिच्या नवनव्या आवृत्त्या निघाल्या. दोन यंत्रे भेटली की आधी एकमेकांना विचारतात, तुला कोणती येते? आगगाडीत दोन अनोळखी माणसे मराठी की हिंदी हे चाचपून बघतात, तसेच. आमच्या झेरॉक्सला फक्त पहिली, जुनी बोली येत होती. आणि १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर किड्याने त्या जुन्या बोलीतल्याच एका भगदाडातून शिरून इंग्लंडातल्या रुग्णालयांपासून जगभर धुमाकूळ घातला होता. त्याच वर्षीच्या हिवाळ्यापासून नवी विंडोज ही बोली मुळात सोबत देईनाशी झाली. म्हणजे झेरॉक्स मोडीत लिहीत होते आणि सर्व्हरला बाळबोधच येत होते. दुरुस्तीचा मुलगा म्हणाला, जुनी बोली चालू करून देतो, पाच मिनिटांचे काम. मी म्हटले, नको रे बाबा. दुकानदारांचे हिशेब आत आहेत. झेरॉक्सला आता टिपलेला कागद ई-मेलने पाठवायला शिकवले आहे. कुरकुरते, पण पाठवते.

पण या दोन्ही तक्रारींनी नुसता वेळ गेला. तिसरीने एका मुलीची नोकरी जाणार होती.

त्यासाठी अण्णांविषयी सांगितले पाहिजे. अण्णा आमचे हेडक्लार्क. बत्तीस वर्षे एका खुर्चीवर बसले. कचेरीचे विजेचे बिल त्यांच्या सहीने जायचे, टेलिफोन त्यांच्या देखरेखीत, पाणी भरणारा त्यांच्या ओळखीचा. २०२४ च्या मार्गशीर्षात ते गेले. त्यांच्या टेबलाशी, त्यांच्याच संगणकावर, एक नवी मुलगी बसू लागली. बी.कॉम. झालेली, रोज पीएमपीच्या बसने हडपसरहून येणारी, डब्यातले पहिल्यांदा दुसऱ्याला देणारी. साहेबांनी सहा महिने बघून मग कायम करू असे सांगितले होते.

मग एक्सेलची मुख्य वही उघडताना निरोप येऊ लागला, की ही फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे, तुम्हांला फक्त वाचता येईल. आणि त्या दुसऱ्याचे नाव? 'अण्णा'.

पहिल्या दिवशी कोणी काही बोलले नाही. आमच्यातल्या एकीने देवाला हात जोडले, ते मी पाहिले. दुसऱ्या दिवशी मात्र तर्कशास्त्र जागे झाले: अण्णांचे नाव, म्हणजे अण्णांचा संगणक, म्हणजे नवी मुलगी. तीच फाइल उघडी टाकून जाते! ती म्हणे, "काका, मी रोज सहाला बंद करून जाते." पण खुर्ची तिची आणि नाव समोर लिहून आलेले, तिचे ऐकतो कोण?

यात नुकसान कसे झाले तेही सांगतो. फाइल अडकली की माणूस थांबत नाही, तिची प्रत काढतो. 'हिशेब-नवा' झाली, मग 'हिशेब-नवा-अंतिम', मग 'हिशेब-अंतिम-खरा'. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीवाल्याची बिले एका प्रतीत गेली आणि मूळ वहीत आलीच नाहीत. महिन्याचे विवरणपत्र २० तारखेला भरायचे. जुळवाजुळवीत तीन दिवस उशीर झाला. विलंबशुल्क दिवसाला ५० रुपये, म्हणजे फारसे नव्हे; पण साडीवाल्याने साहेबांना फोनवर जे सुनावले त्याला शुल्काचा हिशेब नव्हता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितले, दिवाळीनंतर नव्या माणसासाठी जाहिरात द्या, मजकूर तयार ठेवा. मी मजकूर तयार केला. करावाच लागला. पण टेबलावर ठेवला तो पालथा.

पुण्यात पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिले असेल त्यांना रुमाल ठाऊक असतील. कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, हजारोंनी. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. तिथे एकाने रुमाल सोडला की दुसऱ्याने थांबायचे, हा नियम आमच्या एक्सेलसारखाच. फरक इतकाच की तिथे रुमाल कोणापुढे पडला आहे हे मान वर केली की दिसते. आमच्याकडे नुसते नाव दिसते.

आणि ते नाव कुठून येते? मी दोन रात्री यावर वाचन केले. पहिल्या माणसाने वही उघडली की त्याच कप्प्यात एक चिमुकली लपलेली फाइल जन्माला येते. वहीचेच नाव, आधी लाटेसारखी खूण आणि डॉलरचे चिन्ह. तिच्या पोटात उघडणाऱ्याचे नाव. दुसऱ्याला निरोप मिळतो तो या चिठ्ठीतून. पण ही चिठ्ठी माणूस ओळखून लिहिलेली नसते. त्या संगणकावर पहिल्या दिवशी 'आपले नाव' या चौकटीत जे कोणी भरले असेल, तेच ती जन्मभर लिहिते.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी पाचही संगणक उघडले. पाचांतही त्या चौकटीत एकच नाव: अण्णा. मला हसू आले आणि घशाशीही काहीतरी आले. २०१८ मध्ये हे संगणक आले तेव्हा पाचही त्यांनीच मांडले होते. यंत्राने विचारले, आपले नाव? अण्णांनी जबाबदार माणसाचे नाव लिहिले. विजेच्या बिलावर लिहीत तसेच.

म्हणजे फाइल कोणीही धरली तरी निरोप अण्णांचाच येणार. सर्व्हरवर येण्याचे खातेही सर्वांना मिळून एकच होते, 'ऑफिस' या नावाचे, वाड्याच्या दिंडीची किल्ली चौकटीवर ठेवावी तसे. त्यामुळे तिथल्या यादीतही नाव एकच. पण सर्व्हरवर दुसरी एक यादी असते: कोणता संगणक जोडलेला आहे, किती वेळ, आणि त्यातला किती वेळ नुसता स्वस्थ. सकाळचे साडेआठ वाजले होते. जिन्यात अजून दुधाच्या पिशव्या होत्या. यादीत एकच ओळ. जोडून पंधरा तास, स्वस्थ चौदा तास. नावाच्या जागी आकडा. मी खिशातून ती वही काढली.

तो आकडा साहेबांच्या केबिनचा होता.

तिथूनच ती फाइल सोडवण्याचे बटण मला दिसत होते. ते मी दाबले नाही. आत काही न साठवलेले असेल तर ते जाते, आणि दुसऱ्याची बादली हलवायची नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेले. साहेब अकराला आले. मी यादी आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पडदा जागा केला. वही उघडीच होती, काल सायंकाळच्या पानावर.

"पण मी तर नुसता बघत होतो," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हटले, "पण बघायलाही ती हातात घ्यावी लागते."

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी जाहिरातीचा मजकूर मागितला. मी दिला. त्यांनी तो उलटा केला, कोऱ्या बाजूवर साडीवाल्याचा फोन नंबर लिहिला आणि घडी करून खिशात ठेवला. बाहेर येऊन त्या मुलीच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "वही तुला साधारण किती वाजता मोकळी लागते?" पुण्यात याहून स्पष्ट माफी मी तरी कोणी मागितलेली ऐकलेली नाही. ती उठून उभी राहिली. "साडेनऊला, सर." साहेबांनी मान हलवली. दिवाळीआधी तिला कायम केल्याचे पत्र मिळाले. तेही मीच टाइप केले, आणि ते मात्र टेबलावर उताणे ठेवले.

त्यानंतर आम्ही ज्याने त्याने आपापल्या संगणकावर आपले नाव घातले. त्या मुलीने घालताना मला विचारले, "काका, पुसू का?" मी म्हटले, पूस. तिने अण्णांचे नाव एकेक अक्षर मागे घेत पुसले, एकदम नाही. सर्वांची खातीही वेगळी केली. शेवटी मी केबिनमध्ये गेलो. चौकट उघडली आणि साहेबांना विचारले, तुमचे नाव कसे लिहू, आडनावासकट?

साहेब म्हणाले, "राहू दे. माझ्याकडे तेच राहू दे."

तेव्हापासून सकाळी कोणाला वही उघडता आली नाही आणि निरोपात ते नाव आले, की आम्ही कोणी दचकत नाही. ती मुलगी उठते, केबिनचे दार दोन बोटांनी वाजवते आणि आत डोकावून सांगते, "सर, अण्णांना म्हणावं फाइल सोडा."