मृगाचा वारा

पिंगळीला मुद्दाम प्रवासाला म्हणून कुणी जात नाही. परभणीहून पूर्णेकडे गाडी निघाली की लगेच हे स्टेशन येते, आणि पिशव्या सावरीत चार माणसे उतरतात. मी त्यांतला एक असतो, कारण माझी धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. कॉलेजच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा मी तिच्याकडे काढतो. म्हणजे जूनचा पहिला आठवडा. आणि मराठवाडा पाहायचा असेल तर याच दिवसांत पाहावा असे माझे मत आहे. नांगरून, वखरून ठेवलेली काळी रानं क्षितिजापर्यंत पसरलेली असतात. वखर जिथे पोचला नाही तिथल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. झाडाला पान नाही, ओढ्याला पाणी नाही, आणि तरीही घराघरांत बियाण्याची पोती येऊन पडलेली. साऱ्या गावाने उधारीवर आशा आणून ठेवलेली असते म्हणा ना!

बहिणीच्या सासऱ्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. वय पंच्याहत्तरीचे, पण पहाटे रानात चक्कर चुकत नाही. त्यांची एक गंमत मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. पाऊस येणार की नाही हे पाहायला ते आभाळाकडे बघत नाहीत. बांधावर उभे राहतात, मूठभर माती घेतात आणि बोटांतून सोडतात. ती पूर्वेकडे उडाली की समाधानाने हुंकार देतात.

"आभाळ खोटं बोलतं मास्तर," ते म्हणाले, "वारं बोलत न्हाई."

आणि मग, माती झटकता झटकता, "हे वारं पयल्यापासून असंच हाय का हो? का मधीच कवातरी सुरू झालं?"

मी मराठीचा प्राध्यापक. वाऱ्यावरच्या कविता मला पुष्कळ येतात. पण या प्रश्नावर एकही उपयोगी पडेना. तेव्हा भूगोलाच्या एका सहकाऱ्याला गाठले, त्याने हाती दिले ते वाचले, आणि मला असे दिसले की तात्यांच्या प्रश्नात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षांची मेहनत सामावलेली आहे.

पिंगळीच्या बांधावर पोचणारा हा वारा विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी वळतो आणि अरबी समुद्र ओलांडून, वाफेने जड होऊन आपल्याकडे येतो. त्याच्या जोराने समुद्रसुद्धा दिशा बदलतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि पावसाळा आला की उलटून उत्तरेकडे धावू लागतो. त्या ओढीने खोलातले थंड पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात, आणि ते मेले की त्यांची कवचे तळाच्या गाळात बसतात. वारा जोराचा तर एका विशिष्ट जातीची कवचे जास्त, मंद तर कमी. वाऱ्याची अशी जमाखर्चाची वही समुद्राच्या तळाशी हजारो वर्षे लिहिली जात आहे.

ती वही मागे चाळीत सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वीच्या पानावर गेले, की हिमयुग ऐन भरात दिसते. उत्तर अमेरिका आणि युरोपवर मैलमैल जाडीचा बर्फ. इतके पाणी बर्फात अडकले की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. त्या वेळी चौपाटीवरून समुद्रस्नानाला निघालेल्या मुंबईकराला दोनशे किलोमीटरहून अधिक चालावे लागले असते! जमीन थंड, समुद्रही थंड. मग वाफ कुठली आणि वाऱ्याला ओढणार कोण? आपला नैऋत्येचा वारा तेव्हा अशक्त झाला होता आणि हिवाळ्यातला ईशान्येचा कोरडा वारा शिरजोर. चाळीसगावजवळ पाटणे येथे १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या खानदेशात शहामृग! गवताळ, उघडे, कमी पावसाचे रान असल्याखेरीज तो पक्षी राहत नाही.

नद्यांचेही तसेच. पाऊस दुबळा असला की नदीला गाळ वाहून नेण्याचे बळ राहत नाही. ती तो पात्रातच टाकीत बसते. विश्वास काळे आणि शरद राजगुरू या पुण्याच्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले की पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्या हिमयुगाच्या अखेरीस अशाच गाळाने भरत होत्या, आणि पुढे पाऊस बळावल्यावर त्यांनी तोच गाळ कापून आपली पात्रे खोल केली. नदीच्या उंच दरडी आपण नेहमी पाहतो. पाऊस परत आल्याची ती खूण आहे हे मला तरी ठाऊक नव्हते.

पण तो परत आला कसा? इथे माझ्या ओळखीचा एक शब्द भेटला आणि मी सुखावलो. तो शब्द म्हणजे अयनचलन. पृथ्वीचा आस भिंगरीसारखा डुलतो, आणि त्याची एक फेरी सुमारे सव्वीस हजार वर्षांची. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत. अकरा हजार वर्षांपूर्वी, या डुलण्यामुळे, ती आपल्या उन्हाळ्यात जवळ येत असे. उत्तर गोलार्धाला उन्हाळी ऊन आजच्याहून सात-आठ टक्के अधिक मिळे. जमीन तापली, बर्फ वितळला, वाऱ्याला ओढ लागली. मात्र हे सरळ घडले नाही. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी उत्तर अटलांटिकवर पसरले की तिकडचा उबदार प्रवाह मंदावे, उत्तर गोलार्ध पुन्हा गारठे आणि इकडे आपला पाऊस मागे सरे. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी अशी शेवटची मोठी माघार सुरू झाली, ती बाराशे वर्षे टिकली. कुठे ग्रीनलंडकडचा समुद्र आणि कुठे पिंगळीचा बांध!

हेच अयनचलन तात्यांच्या पंचांगातही आहे. सूर्य मृग नक्षत्रात येतो तो आज ७-८ जूनला. पण आपले पंचांग निरयन असल्यामुळे ही तारीख दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकते. आजच्या तारखांनी मोजले, तर सतराशे वर्षांपूर्वी मृग मेच्या मध्यालाच निघे. हे सांगितल्यावर तात्या बराच वेळ गप्प राहिले. "म्हंजे मृग बी सरकतो," ते म्हणाले, "आन् आमी उगीच पावसाला शिव्या देतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंतूरवरून लोणारला गेलो. मी जिद्दच धरली होती, कारण तिथला गाळ मला तात्यांना दाखवायचा होता. अग्निजन्य काळ्या खडकात उल्कापाताने पडलेले ते पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर. तळाशी खारट, बुळबुळीत पाणी. आमच्या भाऊजींनी नाक मुरडले, त्यात त्यांची चूक नाही. या तळ्याच्या तळातून जर्मन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला, आणि २०१४ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. सुमारे ११,४०० वर्षांपूर्वी पाऊस बळावल्याची नोंद त्यात आहे. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ते हेच: वारा होता, पण आजच्या अर्थाने 'सुरू' झाला तो तेव्हा.

पण मला जास्त हलवून गेले ते पुढचे. पाणी आटून फार खारे झाले की त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक धरतात. ते या गाळात दोन काळांत सापडले: एकदा सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. हिमयुग संपून युगे लोटली होती आणि तरी वाऱ्याने दोनदा हात आखडता घेतला. मराठवाड्यात गावोगावी यादवांच्या काळातल्या बारवा आहेत. त्यांच्याकडे मी आजवर शिल्प म्हणून पाहत होतो. आता पायऱ्या मोजताना वाटते, इतक्या खोल पायऱ्या माणूस हौसेने बांधत नाही.

काठावरच्या सावलीत मी हे सारे तात्यांना सांगत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "बहात्तरच्या दुष्काळाची रेघ असंल का हो त्या चिखलात?"

मी मनाशी हिशेब केला. दहा मीटर गाळ, अकरा-साडेअकरा हजार वर्षे. म्हणजे सेंटीमीटरभर गाळात दहा-बारा वर्षे. एकट्या वर्षाची रेघ कशी उमटणार? तसे मी सांगितले.

"नसंल," तात्या म्हणाले. बहात्तर साली ते बावीस-तेवीस वर्षांचे होते. रस्त्याच्या कामावर त्यांनी आणि त्यांच्या आईने आठ महिने खडी फोडली होती. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. नखाच्या मधोमध उभी चीर होती, तेव्हापासूनची. मग ते उठले, काठावरची चिमूटभर माती उचलून त्यांनी हवेत सोडली, आणि भाऊजींना म्हणाले, "चला, घरला. उद्या तिफण काढावी लागंल."