विलंबित आणि द्रुत एकाच पातळीवर

संगणकावरील संगीतसंग्रहात एका गाण्यामागून दुसरे गाणे वाजताना आवाज एकदम चढू किंवा पडू नये म्हणून प्रत्येक फाइलसोबत दुरुस्तीचा एक आकडा ठेवला जातो आणि वाजवणारे सॉफ्टवेअर त्या आकड्याप्रमाणे आवाज कमीजास्त करते. या व्यवस्थेस व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन म्हणतात. जुने आकडे पुसून नव्याने मोजमाप करणे हे वरकरणी निव्वळ कारकुनी काम आहे. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जमवणाऱ्या एका रसिकाला मात्र या कामात जो अनुभव आला, त्याचा सल त्यांच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

आकडे पुसण्याची गरज का पडली, हे थोडक्यात सांगता येते. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या रिप्लेगेन या पद्धतीत ध्वनीचे 50 मिलिसेकंदांचे तुकडे मोजून त्यांतील सर्वांत मोठ्या 5 टक्क्यांच्या उंबरठ्यावरून गाण्याची पातळी ठरत असे. युरोपीय प्रसारण संघाने 2010 मध्ये आर-128 हे मानक आणले आणि त्यात कानाला जाणवणारा मोठेपणा, म्हणजे प्रबलता, उणे 23 लफ्स (लफ्स हे प्रबलतेचे एकक) या पातळीवर आणण्याचे ठरले. रिप्लेगेनच्या पुढील आवृत्तीने मोजणीची तीच रीत घेतली, परंतु पातळी उणे 18 ठेवली. ओपस स्वरूपातील फाइली उणे 23 मानतात, त्यामुळे ज्या संग्रहात दोन्ही प्रकारचे आकडे मिसळलेले असतात आणि सॉफ्टवेअर हा भेद ओळखत नाही, तेथे 5 डेसिबलची तफावत पडते व समतोलाच्या नावाखालीच असमतोल निर्माण होतो.

फ्लॅक फाइलींचे काम सुरळीत झाले, कारण त्यांत हे आकडे टॅगमध्ये, म्हणजे गाण्याचे नाव व गायकाचे नाव जेथे असते त्या माहितीच्या रकान्यात, लिहिलेले असतात आणि ते पुसले तरी मूळ ध्वनीला धक्का लागत नाही. अडचण आली ती एमपीथ्री फाइलींत. या मैफली कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेण्याचे काम शहरातील एका व्यावसायिकाकडे दिलेले होते आणि त्याने, कोणी सांगितलेले नसताना, सर्व फाइलींचा आवाज ‘सारखा करून’ दिला होता. त्यासाठी त्याने वापरलेली पद्धत टॅगमध्ये आकडा लिहून थांबत नाही; एमपीथ्रीच्या प्रत्येक छोट्या खंडात आवाजाच्या पातळीचा जो एक अंक असतो, तोच ती बदलते आणि त्या अंकाच्या एका पायरीने आवाज सुमारे 1.5 डेसिबलने बदलतो. हा बदल उलटवता येतो, कारण किती पायऱ्या बदलल्या याची नोंद फाइलीच्या शेवटी एका वेगळ्या टॅगमध्ये ठेवलेली असते. त्या व्यावसायिकाने फाइली नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून ते टॅगही काढून टाकले होते, आणि परत फिरण्याचा रस्ता तेथेच बंद झाला होता.

यातील नुकसान तांत्रिक वाटले तरी ते गाण्याचेच आहे. ख्यालगायकीत विलंबित बंदिश संथपणे उलगडते आणि त्यानंतर येणाऱ्या द्रुत बंदिशीत तबल्याची लय वाढून ताना सुटू लागतात, तेव्हा आवाजही चढतो; हा चढ मैफलीच्या रचनेचाच भाग असतो. एका मैफलीचे हे दोन भाग दोन फाइलींत तोडून प्रत्येकीचे स्वतंत्र मोजमाप केले की विलंबित वर ओढला जातो, द्रुत खाली दाबला जातो आणि दोन्ही एकाच पातळीवर येऊन बसतात. संपूर्ण अल्बमला मिळून एकच आकडा देण्याची सोय रिप्लेगेनमध्ये आरंभापासून आहे, आणि ती नेमकी याचसाठी आहे. ज्याने मोबदला घेऊन हे काम केले, त्याला ती सोय ठाऊक नसावी, ही गोष्ट या रसिकाला अक्षम्य वाटते. विचारणा केल्यावर ‘आता आवाज एकसारखा येतो ना?’ एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

कॅसेटी तोवर बुरशीने निकामी झाल्या होत्या. उपाय सापडला तो तानपुऱ्यात. विलंबित संपताना आणि द्रुत सुरू होण्याआधी गायक क्षणभर थांबतो, तेव्हा मागे तोच तानपुरा त्याच जागी वाजत असतो आणि टेपची सूंही तीच असते. फाइलींतील ते निवांत तुकडे मोजले असता द्रुतमधील तानपुरा विलंबितमधल्यापेक्षा 6 डेसिबल खाली आढळला, म्हणजे दोन्ही फाइलींत मिळून चार पायऱ्यांचे अंतर पडले होते. द्रुत चार पायऱ्या वर नेल्यावर मैफल पुन्हा सांधली गेली. ज्या ध्वनिमुद्रणांत अशी निवांत जागा मिळाली नाही, ती तशीच राहिली आहेत.

एवढ्या त्राग्यानंतर नॉर्मलायझेशन ही गोष्टच संग्रहातून हद्दपार करावी, असे या रसिकाने ठरवले होते आणि काही काळ तसे केलेही. तथापि स्वयंपाकघरात नाट्यगीते लावताना किंवा प्रवासात हेडफोनवर ऐकताना दर गाण्याला आवाजाचे बटण फिरवावे लागे, आणि त्यांनी टॅगमधील आकडे पुन्हा मोजून घेतले. तेथे तर प्रत्येक गाण्याचा स्वतंत्र आकडाच त्यांना सोयीचा वाटतो. ज्या समपातळीवर ते चिडले होते, तीच ते रोज वापरतात, आणि तरीही त्या व्यावसायिकाविषयीचा राग कमी झालेला नाही.

कॅसेटी किंवा तबकड्या संगणकावर उतरवून घेणाऱ्यांनी काम देतानाच लेखी सांगावे, की कोणतीही दुरुस्ती न केलेली प्रत वेगळी हवी, आवाजाचा समतोल टॅगपुरताच असावा आणि कोणताही टॅग विचारल्याशिवाय पुसू नये. ती प्रत हातात पडेपर्यंत मूळ कॅसेट टाकून देऊ नये.