दोन बाजूंची एक तबकडी

श्रद्धेला टोचणारे संगीत श्रद्धावंताने ऐकावे काय, हा प्रश्न आमच्या मंडळींत अधूनमधून निघतो. अशा वेळी आम्हांला १९७१ साली इंग्लंडात निघालेल्या ‘अ‍ॅक्वालंग’ या तबकडीचे स्मरण होते.

तिचा कर्ता जेथ्रो टल हा वाद्यवृंद. १९६८ च्या पहिल्या तबकडीत या तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताची वाट धरली; पुढे गायक व बासरीवादक इयन अँडरसन यांनी तीत इंग्लंडच्या लोकसंगीताचे सूर मिसळले. ‘अ‍ॅक्वालंग’चे मुद्रण झाले लंडनमधील बेसिंग स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत. तेथील उपासना थांबून स्टुडिओ उभा राहिला होता.

पहिल्या बाजूचे पहिले गीत एका बेघर म्हाताऱ्याचे आहे. अँडरसन यांच्या तेव्हाच्या पत्नी जेनी यांनी थेम्स नदीकाठच्या निराधारांची छायाचित्रे टिपली होती. त्यांवरून दोघांनी मिळून ते रचले. म्हाताऱ्याचा श्वास घरघरतो, म्हणून त्याला पाणबुड्याच्या श्वसनयंत्राचे नाव मिळाले. हा काही सालस, दयनीय भिकारी नव्हे. तो मळकट आहे आणि बागेतील मुलींकडे त्याची नजर वाईट आहे. गिटारच्या दणक्याने गीत सुरू होते. मग वाद्ये एकाएकी निवतात आणि गायक हलक्या आवाजात त्याला मित्र म्हणून हाक मारतो. दयेला पात्र नसलेल्याला मिळालेली ही हाक आमच्या काळजाला भिडते.

तबकडी उलटली की ‘माय गॉड’ हे गीत येते. देवाला आपल्या सोयीपुरता कोंडून ठेवणाऱ्या प्रस्थापित धर्मसंस्थेवर त्यात कडक आरोप आहे. वेष्टनाच्या मागील बाजूस तर उत्पत्तीच्या पुस्तकातील निर्मितीकथा उलटी लिहिली आहे: तेथे मनुष्यच देवाला घडवतो. शेवटच्या ‘विंड-अप’ गीतात मात्र शाळेतला मुलगा थेट देवालाच विचारतो, आणि रविवारपुरती किल्ली द्यावी असा देव तो नव्हे, हे त्याला उमगते. हा नास्तिकाचा सूर खचित नव्हे.

समीक्षकांनी या तबकडीला एकाच कल्पनेवर गुंफलेली कृती म्हटले. अँडरसन यांनी ते कधीच मान्य केले नाही. १९७२ साली ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ हे दोन्ही बाजू व्यापणारे एकच गीत रचून त्यांनी अशा कृतींची थट्टाही केली. तरीही आम्हांला वाटते, एका बाजूला टाकून दिलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कोंडलेला देव, हे शेजारी काही उगाच आलेले नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय त्या दोघांना एकत्रच आणतो.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर पायऱ्यांवर बसलेल्यांच्या हातांवर आम्ही नाणे ठेवतो. नाव विचारीत नाही. त्यांच्यातील एखाद्याच्या तोंडाला दारूचा वास आला, तर नाणेही खिशातच राहते. देवावरील आमच्या प्रेमाची परीक्षा नेमकी त्याच पायरीवर होत असते.

स्वतःला ख्रिस्ती न म्हणवणारे अँडरसन उत्तरायुष्यात नाताळच्या दिवसांत इंग्लंडच्या कॅथेड्रलांतून वादन करीत आले, आणि त्या जुन्या वास्तूंच्या जतनासाठी निधीही जमवीत आले. चर्चशी भांडणारा माणूस चर्चचे छप्पर राखण्यास हातभार लावतो. मग त्या छपराखाली नित्य जमणाऱ्या आम्ही त्याचा आरोप शांतपणे ऐकून घ्यायला काय हरकत आहे?