तिसऱ्या बेसवरचा कॅप्टन

बेसबॉल मी कधी खेळलो नाही. इतके कळते की तिसऱ्या बेसवरचा खेळाडू म्हणजे साधारण आपला पॉइंटचा क्षेत्ररक्षक. सणसणीत चेंडू अंगावर येतो, तो अडवायचा आणि लगेच मैदानाच्या पलीकडे पहिल्या बेसकडे फेकायचा. एडी ग्रँट हे काम करीत असे.

जन्म १८८३, मॅसॅच्युसेट्समधले फ्रँकलिन गाव. १९०५ मध्ये हार्वर्डची पदवी, १९०९ मध्ये कायद्याची. मधल्या काळात खेळणे चालूच. फिलाडेल्फिया, सिनसिनाटी आणि शेवटी न्यूयॉर्क जायंट्स. १९१५ पर्यंत दहा मोसम खेळूनही फलंदाजीची सरासरी .२४९ आणि होम रन अवघे पाच. अशा आकड्यांच्या खेळाडूचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. धावायला मात्र चपळ होता, १५३ बेस त्याने चोरले. (बेसबॉलमध्ये या चोरीला शाबासकी मिळते.) उंच झेल आला की बाकीचे खेळाडू अशुद्ध इंग्रजीत ओरडायचे आणि हा पठ्ठ्या व्याकरण सांभाळून ओरडायचा, असा किस्सा सांगतात. आमचे इंग्रजीचे सर खूश झाले असते.

१९११ मध्ये, लग्नाला वर्षही झाले नसताना, त्याची पत्नी वारली. पुढे खेळ सोडून त्याने वकिली धरली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि चौतिशीला टेकलेला हा वकील लगेच सैन्यात गेला. ७७व्या डिव्हिजनच्या ३०७व्या इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये तो कॅप्टन झाला.

ऑक्टोबर १९१८, फ्रान्समधले आर्गॉनचे जंगल. मेजर व्हिटलसी यांचे सुमारे ५५० सैनिक शत्रूच्या वेढ्यात अडकले. हा मेजरही हार्वर्डचाच वकील. त्यांना सोडवायला जी दले निघाली, त्यांत ग्रँट होता. वरचे अधिकारी पडले किंवा जखमी झाले, तेव्हा नेतृत्व त्याच्याकडे आले. ५ ऑक्टोबरला तोफगोळा फुटून तो ठार झाला. दोन दिवसांनी त्याच्याच रेजिमेंटने वेढा फोडला. १९४ जण स्वतःच्या पायांवर बाहेर आले. ‘हरवलेली बटालियन’ म्हणून त्यांची गोष्ट जगाला माहीत आहे. शोधायला निघालेल्यांची फारसे कोणी सांगत नाही.

१९२१ मध्ये जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर, भर मैदानात, त्याचे स्मारक उभे राहिले. १९५७ मध्ये संघ ते मैदान सोडून गेला आणि स्मारकावरची पाटी गायब झाली.

मी यंदा एनडीएच्या परीक्षेला बसतो आहे. आईचे म्हणणे, आधी वकील हो, मग हवे ते कर. रविवारी फोनवर मी तिला हा वकील ऐकवला. तिने पूर्ण ऐकून घेतले.

“किती वर्षांचा होता रे?”

“पस्तीस.”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “जेवलास का?”